एकच उतारा, चार प्रकारचे पाळक: स्वभाव आणि शास्त्राचा अर्थ, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल स्टडी घेताना आणि चर्चमध्ये संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला शिकणाऱ्यांसोबत बसताना हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं. मी मानसशास्त्रज्ञ नाही, संदेश देणारा माणूस आहे, पण या विषयाने माझी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची सवय मुळापासून हलवली म्हणून एवढं मनापासून लिहितोय.

मुळात हा विषय काय आहे?

दोन पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शिक्षण सारखं, पंथ सारखा, दोघंही प्रार्थना करून तयारीला बसणारे. उतारा तोच. आणि रविवारी दोघांचे संदेश ऐकले तर वाटतं यांनी वेगवेगळे अध्याय वाचले की काय. एकजण त्या गावातली धूळ, गर्दी, कोण कुठे उभं होतं हे सगळं डोळ्यासमोर आणतो, दुसरा तिसऱ्या मिनिटाला निर्गमाच्या पुस्तकात पोचलेला असतो. यात कोणी आळशी नाही की कोणी चुकत नाही. माणसाचं मन माहिती कशी उचलतं आणि निर्णय कसा घेतं यात फरक असतो, आणि तो फरक शास्त्र वाचतानाही सुटत नाही, एवढंच या विषयाचं म्हणणं आहे.

हे टाइप वगैरे आले कुठून?

कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये ही मांडणी केली. युंगचे वडील स्वतः पाळक होते, म्हणजे पाळकाच्या घरातला माणूस होता तो, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी आयझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बनवली, तीच आपण एमबीटीआय म्हणून ओळखतो. आयझाबेलबाईंनी नंतर आपल्या पुस्तकाचं नाव रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायातून घेतलं, जिथे वेगवेगळ्या कृपादानांबद्दल लिहिलंय.

शास्त्रवाचनाशी ही मांडणी नीट जोडली ती ब्रिटनमध्ये, लेस्ली फ्रान्सिस आणि अँड्र्यू व्हिलेज यांनी. दोघंही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, पाळक आणि दोघंही संशोधक. व्हिलेज तर आधी पक्ष्यांवर संशोधन करायचे, त्यामुळे असेल कदाचित, पण लोक खरोखर कसं वाचतात हे बसून मोजलं पाहिजे असा त्यांचा आग्रह दिसतो. त्यांच्या पद्धतीला सिफ्ट म्हणतात: सेन्सिंग, इन्ट्यूशन, फीलिंग, थिंकिंग या चार शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून.

ते चार प्रकार जरा सोप्या भाषेत सांगा ना.

पहिली जोडी माहिती कशी उचलता याची. सेन्सिंगवाला माणूस समोर जे आहे ते बघतो: किती, कुठे, कोणत्या रंगाचं, आधी काय झालं मग काय झालं. इन्ट्यूशनवाला ते बघता बघताच पलीकडे जातो, हे कशासारखं आहे, यातून काय सुचतं, याचा धागा कुठे लागतो.

दुसरी जोडी निर्णय कसा घेता याची. फीलिंगवाला माणसांच्या जागी जाऊन बसतो, कोणाला काय वाटलं असेल, नातं टिकलं का तुटलं. थिंकिंगवाला विचारतो की हे खरं आहे का, न्याय्य आहे का, आधी जे म्हटलं त्याच्याशी जुळतं का. इथे एक गैरसमज फार होतो, फीलिंग म्हणजे रडूबाई आणि थिंकिंग म्हणजे हुशार असं काही नाही हो, दोन्ही विचार करूनच निर्णय घेतात, फक्त तराजूत काय टाकतात ते वेगळं.

प्रत्येकात चारही असतात. एक हात मात्र उजवा असतो, तसं एक जास्त वापरलं जातं, आणि त्याच्या बरोबर समोरचं सगळ्यात कमी.

एखादं उदाहरण घेऊन दाखवा, नाहीतर हे सगळं हवेत राहतं.

मार्क ६ घेऊ, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, येशूने पाच हजारांना दिलेलं जेवण. मी स्वतः बसलो होतो अशा एका सेशनमध्ये. आम्हाला प्रश्नावली भरायला दिली, मग स्कोअरप्रमाणे एका रांगेत उभं केलं, एका टोकाला पक्के सेन्सिंगवाले, दुसऱ्या टोकाला पक्के इन्ट्यूशनवाले, आणि मग टोकाटोकाने गट पाडले. कुठल्या गटाला का बसवलंय हे माहीत असूनही पुढे जे झालं त्याने मी चाटच पडलो.

सेन्सिंगच्या गटाने पुस्तक उघडंच ठेवलं. बोट ठेवून ठेवून वाचत होते. गवत हिरवं होतं असं मार्क लिहितो, म्हणजे पावसानंतरचे दिवस असणार. लोक शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासच्या पंगतींनी बसले, म्हणजे कोणीतरी बसवलं, गोंधळ नव्हता. दोनशे दीनारांच्या भाकरी लागतील हा शिष्यांचा हिशोब. आणि मग एका ताईंनी विचारलं, उरलेले तुकडे बारा टोपल्यांत भरले ना, मग त्या अरण्यात बारा टोपल्या आल्या कुठून, कोणाच्या होत्या? मी इतकी वर्षं हा उतारा वाचतोय, त्या टोपल्यांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

आमचा गट इन्ट्यूशनचा. आम्ही उतारा एकदा वाचला आणि पुस्तक बाजूला ठेवलं, आणि अर्ध्या तासात फळ्यावर नुसते बाण: अरण्य म्हणजे मान्ना (निर्गमात देवाने अरण्यात दिलेलं अन्न), घेतलं-आशीर्वाद दिला-मोडलं-वाटलं म्हणजे प्रभुभोजन, बारा म्हणजे बारा वंश, तिथून आजची भूक, तिथून मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, थोडंसंच आहे तरी काय होऊ शकतं. सगळं उत्साहात. मग मांडायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एकाने त्या लहान मुलाने दिलेल्या भाकरींवर छान बोललं, आणि पलीकडच्या गटातून शांतपणे आवाज आला की मार्कमध्ये मुलगा नाहीये, तो योहानात आहे. बरोबर होतं त्यांचं.

दुपारी गट बदलले, आता फीलिंग आणि थिंकिंग. फीलिंगचा गट एकाच वचनावर थांबला, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून येशूला कळवळा आला तिथे. आणि शिष्यांवर त्यांची फार दया, ती माणसं दमून विसावा घ्यायला आली होती, त्यांना जेवायलाही सवड मिळाली नव्हती हे थोडं आधीच लिहिलंय, आणि त्यांनाच वर म्हणतात तुम्ही द्या जेवायला. थिंकिंगच्या गटाचा सूर वेगळाच: हे घडलं का, घडलं असेल तर मग आज उपाशी माणसांसाठी का घडत नाही, आणि मार्क ८ मध्ये चार हजारांना परत जेवण दिलं तेव्हा शिष्य परत तोच प्रश्न कसे विचारतात? हे प्रश्न अविश्वासातून आले नव्हते, त्या माणसांना देवावर प्रेम करायचं होतं पण बुद्धी बाहेर ठेवून नाही.

यावर खरंच संशोधन झालंय का, की नुसते सेशनमधले अनुभव?

झालंय. सुरुवातीच्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या ११ मंडळ्यांतल्या ४०४ अँग्लिकन सभासदांना मार्क ९ मधला आजारी मुलाचा उतारा दिला, त्यावरची वेगवेगळ्या धाटणीची विधानं दिली आणि कोणती जवळची वाटतात ते विचारलं. ज्याचा जो कल, तो त्याच धाटणीच्या विधानांकडे झुकला. हे २००५ मध्ये आलं. नंतर व्हिलेज यांनी तोच उतारा नव्याने दीक्षा झालेल्या ७१८ अँग्लिकन पाळकांना दिला, कारण लोक म्हणत होते की सामान्य वाचकाचं ठीक आहे, धर्मशास्त्र शिकलेला माणूस असा वाहवत जाणार नाही. तर शिकलेल्यांतही हा कल दिसला, आणि मला वाटतं या सगळ्या विषयातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे.

बाकी पाच भाकरींचा उतारा, मत्तय २५ मधली मेंढरं आणि शेरडं, पुनरुत्थान, जन्माच्या कथा यांवर वर सांगितलं तसे गट पाडून बरेच अभ्यास झालेत.

पाळकांमध्ये कुठला टाइप जास्त असतो?

चर्च ऑफ इंग्लंडचे आकडे सांगतो, सगळ्या जगाला लावू नका. २००७ च्या अभ्यासात ६२६ पुरुष पाळक आणि २३७ स्त्री पाळक होते, त्यांत इन्ट्यूशनवाले पुरुषांत ६२ टक्के आणि स्त्रियांत ६५ टक्के. फीलिंगवाले पुरुषांत ५४ टक्के, स्त्रियांत ७४ टक्के. आता बाकांवर बसणाऱ्यांचा आकडा बघा, तिथल्याच मंडळ्यांच्या २०११ च्या अभ्यासात सेन्सिंगवाले स्त्रियांत ८१ टक्के आणि पुरुषांत ७८ टक्के.

म्हणजे समोर बसलेल्या दर पाच जणांपैकी जवळपास चौघं गोष्ट जशी आहे तशी ऐकायला आलेले, आणि पुलपिटवरचा माणूस बहुतेक वेळा पाचव्याशी बोलतोय.

मग त्यात बिघडलं काय? देव प्रत्येकाच्या स्वभावातूनच बोलतो ना?

बोलतो. पण ऐकणाऱ्याचं काय.

मी मार्क ९ वर संदेश दिला होता एकदा. बाप, तो तोंडाला फेस येणारा मुलगा, शिष्यांना जमत नाही, आणि बाप ओरडतो की विश्वास आहे माझा, माझ्या अविश्वासाचं काहीतरी करा. मी त्या एका ओरडण्यावरून विश्वास आणि शंका यावर पंचवीस मिनिटं बोललो, दोन्ही एका हृदयात कसे राहतात, इतिहासात कसे राहिले, आज कसे राहतात. मला स्वतःला तो माझा चांगला संदेश वाटत होता. नंतर एक बाई भेटल्या, त्यांचा मुलगा लहानपणापासून फिट्सचा पेशंट, आणि त्या म्हणाल्या, सगळं ऐकलं हो, पण शेवटी त्या पोराचं काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाही.

मी खरंच सांगितलं नव्हतं. मुलगा मेल्यासारखा पडला, बरेच जण म्हणाले मेला, आणि येशूने त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि तो उभा राहिला. हात धरला हे मार्क मुद्दाम लिहितो. त्या बाईंना तो हात हवा होता आणि मी त्यांना विचार दिला. त्यानंतर मी या विषयाकडे गंभीरपणे वळलो.

इन्ट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्टचं काय?

युंगच्या मांडणीत ते आहे, पण अर्थ लावण्यावर त्याचा भर कमी मानतात, म्हणून सिफ्टमध्ये ते घेतलेलं नाही. तयारी एकट्याने बंद खोलीत होते की चार जणांशी बोलताना होते, एवढा फरक पडतो.

म्हणजे शास्त्राचा अर्थ ज्याच्या त्याच्या स्वभावावर? मग सत्य कुठे राहिलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बऱ्याचदा थोड्या रागाने येतो, आणि तो राग मला समजतो, कारण शास्त्रावर प्रेम असलेल्या माणसालाच येतो तो.

उत्तर असं, की उताऱ्याला कडा आहेत. मार्क ११ घ्या. येशू अंजिराच्या झाडाकडे जातो, फळ नाही, झाडाला शाप, मग मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथवतो, आणि दुसऱ्या सकाळी झाड मुळापासून वाळलेलं. अंजिराचा हंगाम नव्हता असं मार्क स्वतः लिहितो. आता थिंकिंगवाला तिथेच अडतो, हंगाम नव्हता तर झाडाचा दोष काय. फीलिंगवाल्याला झाडाचं वाईट वाटतं आणि येशूच्या या रूपाला कसं सामोरं जायचं कळत नाही. इन्ट्यूशनवाला बघतो की झाड-मंदिर-झाड अशी रचना आहे, म्हणजे झाडाची गोष्ट मंदिराबद्दल बोलतेय. सेन्सिंगवाला म्हणतो थांबा, त्या झाडाला पानं होती हे आधी वाचा. चौघंही उताऱ्यातच आहेत. पण कोणी म्हणालं की येशूला झाडं आवडत नव्हती, तर तो उताऱ्याच्या बाहेर गेला, मग टाइप कुठलाही असो.

भाषा, काळ, संदर्भ हा अभ्यास आधी करायचाच. सिफ्ट त्याची जागा घेत नाही. सिफ्ट फक्त विचारतं की एवढा अभ्यास झाल्यावरही तू प्रत्येक उताऱ्यात त्याच एका खिडकीतून का बघतोयस? मला तर वाटतं की आपला स्वभाव ओळखल्याने सत्याला धोका होत नाही, न ओळखल्याने होतो, कारण मग माणूस स्वतःच्या आवडीलाच देवाचं वचन समजून बसतो आणि समोरच्याला कमी आत्मिक ठरवतो. मार्क १२ मध्ये देवावर पूर्ण अंतःकरणाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रीती करायला सांगितलंय, फ्रान्सिस यांचा आधार हाच, की मन चार बाजूंनी कामाला लागलं पाहिजे.

पवित्र आत्मा अर्थ उघडतो असं आम्ही मानतो. मग मानसशास्त्र कशाला मधे?

मीही तेच मानतो. पण आत्म्याने चार शुभवर्तमानं चार माणसांकडून लिहून घेतली आणि चौघांचा आवाज वेगळा ठेवला, लूकाला योहान बनवलं नाही. आजच्या पाळकाचा स्वभाव तरी तो का पुसून टाकेल?

पंथ, शिक्षण, वय यांचा परिणाम जास्त नसतो का?

असतो, आणि खूप असतो. त्या मार्क ९ मध्येच बघा, मुलाला दुरात्मा लागला होता की मिरगी होती, यावर करिश्माटिक (आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) मंडळीतला पाळक आणि दुसरा पाळक काय म्हणतील ते पंथ जवळपास ठरवूनच ठेवतो. पण उताऱ्यात नजर कुठे अडकते, कशावर जास्त वेळ जातो, कुठलं वचन पटकन ओलांडलं जातं, हे पंथाने ठरत नाही. उताऱ्याच्या शेवटी येशू म्हणतो की दुरात्म्यांची ही जात प्रार्थनेशिवाय निघत नाही, आणि काही हस्तलिखितांत प्रार्थनेसोबत उपासही आहे. एकाच पंथातले दोन पाळक मी पाहिलेत, एकाने त्या हस्तलिखितांच्या फरकावर दहा मिनिटं घालवली, दुसऱ्याने ती तळटीप कधी वाचलीच नव्हती.

एमबीटीआयवर तर खूप टीका होते. हे पक्कं विज्ञान आहे का?

टीका बरोबर आहे आणि ती लपवायची गरज नाही. माणसं दोन डब्यांत बसत नाहीत, बरेचजण मधेच असतात, आणि मधल्या रेषेजवळ असलेल्याने काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली तर अक्षर बदलू शकतं. १९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी एमबीटीआयचे स्कोअर बिग फाइव्हशी, म्हणजे स्वभाव पाच गुणांवर मोजणाऱ्या मांडणीशी, ताडून पाहिले, तेव्हा टाइप म्हणून नाही पण कल म्हणून त्यांचा मेळ बसला, जसं इन्ट्यूशन हे नव्याकडे मन उघडं असण्याशी आणि फीलिंग हे समजुतीने घेण्याशी. पाळकांच्या अभ्यासात फ्रान्सिस यांची स्वतःची ४० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, ती संशोधनासाठीच बनवलेली आहे.

माझं मत विचाराल तर चार अक्षरं सोडून द्या, चार प्रश्न धरा. अक्षरं कपाळावर चिकटतात. मी ऐकलंय लोकांना म्हणताना, मी थिंकिंग आहे त्यामुळे मला भेटीगाठी जमत नाहीत, आणि ते ऐकून मला वाईट वाटतं, ओळख करून घेतली ती वाढायला, पळायला नाही.

टेस्ट न देता माझा कल कसा ओळखू?

तुमचे जुने दहा संदेश काढा. नोट्स नसतील तर रेकॉर्डिंग ऐका. आणि बघा, उताऱ्यातली वस्तू, जागा, आकडा यांचा उल्लेख किती वेळा आला, उताऱ्याबाहेर पहिली उडी कितव्या मिनिटाला मारली, कोणाच्या मनात काय चाललं असेल हे किती वेळा बोललात, आणि म्हणून, कारण, पण असं असेल तर, हे शब्द किती. दहा संदेशांत चित्र स्पष्ट दिसतं. घरातल्या माणसाला विचारलं तर दहाही लागत नाहीत, ते आधीच ओळखून असतात.

तयारीत हे वापरायचं कसं?

क्रम पाळा, आधी सेन्सिंग, मग इन्ट्यूशन, मग फीलिंग, शेवटी थिंकिंग. सोमवारी फक्त वाचायचं, मोठ्याने, आणि जे दिसतं, ऐकू येतं तेच लिहायचं, अर्थ अजिबात नाही, इन्ट्यूशनवाल्यांना हा दिवस फार जड जातो पण सोडू नका. मग धागे, सुचणं, दुसरे उतारे. मग उताऱ्यातला एकेक माणूस धरा, गर्दीतल्या न बोलणाऱ्यालाही, त्याच्या जागी बसा. मग अवघड प्रश्न, ज्यांचं उत्तर आपल्याला नको असतं तेही.

संदेशात चौघांना सारखा वेळ द्यायचा नाही, तसं केलं तर तो संदेश न राहता चार भागांचा निबंध होतो. उतारा स्वतः एका बाजूला कललेला असतो, मत्तय २५ मध्ये न्याय आहे तर न्यायच समोर राहू दे. पण बाकीच्या तिघांना किमान एक वाक्य तरी मिळावं जे धरून ते घरी जातील.

जी बाजू कमी आहे ती मला जमतच नाही, ओढूनताणून वाटतं.

वाटणारच, डाव्या हाताने लिहिल्यासारखं असतं ते, आणि दमायला होतं. म्हणून ती बाजू एकट्याने करू नका. मी अजूनही माझा उतारा त्या टोपल्यांवाल्या ताईंना पाठवतो, त्या फोनवर पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगतात ज्या माझ्या डोळ्यासमोरून गेलेल्या असतात. त्यांना धागे जोडायला मी मदत करतो.

मी पाळक नाही, ऐकणारा आहे. आमच्या पाळकांचा संदेश मला पोचत नाही, हे त्यांना कसं सांगू?

टेस्टची लिंक पाठवू नका, आणि तुमचा टाइप अमुक आहे असं तर मुळीच म्हणू नका. संदेशात जे तुम्हाला हवं होतं आणि आलं नाही, त्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, त्याच उताऱ्यातला. तो बाप घरी गेल्यावर काय म्हणाला असेल, असा. किंवा मार्क हात धरल्याचं का लिहितो, असा. जमलं तर उपासना संपल्या संपल्या दारात नको, तेव्हा त्यांच्या अंगात त्राण नसतं. मंगळवार-बुधवारी विचारा, पुढच्या रविवारचा उतारा तेव्हा त्यांच्या टेबलावर नुसता उघडा पडलेला असतो.